रिकाम्या पाण्याला जेवण

या शहरात भिंतीवरचं चित्रसुद्धा दोन खिळ्यांवर टांगतात,
कपाट भिंतीला बांधून ठेवतात,
आणि रोसामेलला सुचली काचेची पेटी.
एकशेवीस लिटरची. बोटभर जाड काच
केसादाच्या दुकानात कापून घेतलेली,
टेकडीच्या एकशे चौसष्ट पायऱ्या चढून आणलेली,
दोघांनी, मधे चारदा टेकवत.
मी म्हटलं, वाल्पाराइसोला खाली आहे तेवढं पाणी पुरे.
तो हसला नाही.
सदतीस वर्षं क्रेनच्या केबिनमधून
त्यानं ते पाणी वरूनच पाहिलं होतं.

मग माझ्या घरातली एकेक वस्तू जायला लागली.
कासुएलाचं मोठं पातेलं:
त्यात तीन दिवस एक वाकडं लाकूड उकळत राहिलं,
कोऱ्या चहासारखं पाणी सोडत.
भुवया कोरायचा चिमटा:
त्यानं एकेक देठ मातीत खोचत बसला,
श्वास रोखून, चष्मा कपाळावर.
व्हिनेगरची बाटली:
किनाऱ्यावरच्या प्रत्येक दगडावर एक थेंब,
फेस आला की दगड बाद.
"हा पुढे पाणी बिघडवेल," म्हणायचा,
आणि गॅलरीतून तो दगड माझ्या कुंडीत.
शेवटी लग्नातली निळ्या काठाची बशी
तळाच्या मातीवर ठेवली, तिच्यावर बारीक धार सोडली,
माती उसवू नये म्हणून.
सहांतली ती उरलेली एक. बाकीच्या जुन्या भूकंपात गेल्या.

खरं सांगते, त्या पेटीला मी पाण्यातच पाहत होते.

पाणी भरलं. दिवा लागला. मासे नाहीत.
शेजारची मियाराय शाळेतून येता येता डोकवायची.
"आज?"
"आज नाही."
"मग बसून बघता काय?"
"पाणी मुरू दे."

आणि रोज सकाळी तो चिमूटभर खाणं टाकायचा
कुणालाच.
डोळ्यांना न दिसणाऱ्यांची पंगत आधी उठावी लागते म्हणे,
त्याशिवाय बाकीच्यांना त्या घरात राहवत नाही.
मी काही बोलले नाही.
पोरगा अँतोफागास्ताच्या खाणीवर गेल्यापासून
दर रविवारी मीही एक बटाटा जास्तच सोलते.

नळीत थेंब मोजायचा, हलवायचा, खिडकीशी धरायचा.
हिरवं. अजून हिरवं. वहीत तारीख.

तिसऱ्या आठवड्यात पानं विरघळायला लागली.
रुजली, रुजली म्हणेपर्यंत
कडा पारदर्शक, मग सगळा चोथा.
मी म्हटलं, उपट आता.
तो म्हणाला, जागा बदलली की ही असंच करतात.
मुळांना हात लावू नकोस.

जुलैत, पहाटे चारला, हललं.
फार मोठं नाही. आधी कुत्री, मग कपाटातल्या वाट्या.
सवयीनं मी चौकटीखाली, आणि शेजारी रोसामेल नाही.
तो पुढच्या खोलीत, अंधारात,
पेटीला कवटाळून उभा,
पाणी या काठावरून त्या काठावर, त्याच्या छातीवर.
"बाहेर ये, वेड्या!"
"समोरून धर," तो म्हणाला.

मी धरलं.
चाळीस सेकंद असतील, नसतील.
गालाला गार काच. आत सगळी झाडं
एका अंगाला निजत होती, पुन्हा उठत होती,
आणि एकही उपटलं नाही,
त्या टक्कल पडलेल्या झुडपांसकट.

मग थांबलं.
बादलीभर पाणी मी फडक्यानं टिपलं,
तो टॉर्च घेऊन सांधे तपासत होता.
प्रकाश एका जागी अडला.
काचेवर, आतून, मोहरीएवढी गोगलगाय.
"ही तू आणलीस?"
"मी कशाला? तू?"
ती वर चढत होती, कसलीच घाई नसल्यासारखी.
ओल्या कपड्यांत आम्ही दोघं जमिनीवर बसलो,
मियारायला सकाळी काय सांगायचं ते ठरवत.